तेतरी खळ्यात पडली

दिवाळी होऊन तीन दिवस झाले होते. मुनेसरी धुणं धुऊन नदीवरून घरी आली, तर ओट्यावर सामानाचा ढीग. दोन नवी सुपं, बांबूची मोठी टोपली, तीन नारळ, ऊस, तुपाचा डबा आणि सगळ्यावर घडी घातलेलं पिवळंधमक लुगडं. शेजारी तिचा सासरा बालेसर उकिडवा बसून लुगड्याचा काठ दोन बोटांत धरून बघत होता.

"कुणी आणलं हे?"

"कपिलदेवबाबूंनी धाडलंय." म्हाताऱ्याच्या आवाजात कौतुक मावत नव्हतं. "गेल्या साली वर्षाच्या सुतकानं आपल्या घरची छठपूजा राहिली. मालक म्हणतात, यंदा तेतरीचं व्रत खंडायला नको. सगळं सामान त्यांच्याकडून."

मुनेसरीनं धुण्याची बादली खाली ठेवली. ओल्या हातांनीच तिनं सगळं सामान टोपलीत कोंबलं, लुगडं वर फेकलं आणि टोपली डोक्यावर घेतली.

"कुठं निघालीस? सूनबाई, अगं वेड लागलं का?"

"ज्याचं त्याला देऊन येते."

कपिलदेवबाबूची भाताची गिरणी गावाच्या टोकाला, पिंपळाच्या पुढं. मुनेसरी रोज त्याच गिरणीत कामाला जायची. सुट्टी होती ती फक्त दिवाळीची. ती फाटकाशी पोचली, टोपली रखवालदाराच्या स्टुलावर आदळली आणि म्हणाली, "मालकांना सांग, तेतरीच्या घरचे लोक तेतरीच्या जिवावर उपास करत नाहीत." रखवालदाराला काही अर्थबोध झाला नाही. पण बाईचं तोंड बघून त्यानं विचारायचं धाडस केलं नाही.

तेतरी म्हणजे तिची सासू. बावीस वर्षं त्या घरची परवैतीण, म्हणजे छठचं व्रत धरणारी. कार्तिकातल्या छठला दीड दिवस निर्जळी उपास करायची, थंडगार पाण्यात कमरेएवढी उभी राहायची, आधी मावळत्या सूर्याला अर्घ्य द्यायची आणि दुसऱ्या दिवशी उगवत्याला. नवऱ्यासाठी, मुलासाठी, गोठ्यातल्या म्हशीसाठीसुद्धा. स्वतःसाठी तिनं काय मागितलं ते कुणाला ठाऊक नाही. तिला सूर्याचं भारी वेड. सकाळी तोंड धुतलं की आधी त्याला हात जोडायचे, मग सुनेला शिव्या द्यायच्या. सासू-सुनेचं एक दिवस पटलं असेल तर शपथ. भाकरी जाड झाली म्हणून, चूल लवकर विझवली म्हणून, चूल उशिरा विझवली म्हणून. भांडायला कारण लागायचं नाही.

आणि त्याच सूर्यानं तिला मारलं. दीड वर्षांपूर्वी, जेठ महिन्यात, गिरणीच्या खळ्यात.

कपिलदेवबाबूच्या गिरणीत उकडा तांदूळ करायचे. वाफवलेलं भात सिमेंटच्या मोठ्या खळ्यावर पसरायचं आणि बायकांनी त्यातून अनवाणी पाय ओढत रांगेनं चालायचं, म्हणजे भात खालीवर होऊन सारखं वाळतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग परत. त्या दिवशी संध्याकाळी पाऊस येणार असं रेडिओवर सांगितलं होतं आणि खळं भरलेलं होतं. म्हणून दुपारची सुट्टी नाही. छपरामागच्या नळाला तर आठवडाभर कुलूपच होतं. पाण्याच्या नावाखाली बायका गप्पा मारतात, असं मालकांचं म्हणणं. तेतरी दोनदा थांबली. दुसऱ्यांदा म्हणाली, "बाबू, डोकं गरगरतंय. घोटभर पाणी पिऊन येते." व्हरांड्यात पंख्याखाली बसलेल्या कपिलदेवबाबूनं मान वर न करता सांगितलं, "एवढी रांग संपव आणि जा."

ती रांग तिनं संपवली नाही.

बायका धावल्या. कपिलदेवबाबूही धावत आला, पण तो आधी फाटकाकडं बघत होता. "हिला बाहेर घ्या. पिंपळाखाली सावली आहे. इथं आत काही झालं तर उद्या गिरणीला टाळं लागेल. मग सगळ्याजणी खाणार काय, माती?" बायकांनी तेतरीला उचललं. फाटकाबाहेर पिंपळाखाली नेऊन निजवलं. तेव्हा तिचा श्वास चालू होता. पाव घटकेनं थांबला.

पोलीस आले, त्यांनी कागद लिहिला. भर उन्हात रस्त्यानं चालताना बाई चक्कर येऊन पडली. बालेसरनं अंगठा उठवला. खळ्यातल्या सातही बायकांनी तेच सांगितलं. मुनेसरीनंही सांगितलं. नवरा जोगिंदर लुधियानाला कापडाच्या कारखान्यात होता, त्याला फोनवर तिनं तेच सांगितलं. तेरावं झालं, आणि चौदाव्या दिवशी ती त्याच खळ्यात भात उलटायला गेली. न जाऊन सांगते कुणाला?

दीड वर्ष ती गप्प होती. आता कपिलदेवबाबूला गावचा मुखिया व्हायचं होतं. निवडणूक तोंडावर आलेली. नदीवरच्या घाटाला त्यानं नव्या पायऱ्या करून दिल्या, कमान उभारली, कमानीवर आपला हात जोडलेला फोटो लावला. ते सगळं तिनं पाहिलं होतं आणि गिळलं होतं. पण ओट्यावरचं ते पिवळं लुगडं तिच्या घशाखाली उतरेना.

घरी परतली तर बालेसर दारात उभाच.

"झालं समाधान? आता छठ कशी होणार? गव्हाला पैसा नाही, तुपाला नाही. जोगिंदर परवा येईल तेव्हा काय ते. आणि करणार कोण?"

"मी करणार."

"कशानं?"

"भीक मागून करणार."

 भीक म्हटल्यावर म्हाताऱ्याला अडवता येईना. भीक मागून छठ करण्याचा नवस श्रीमंतांच्या घरच्या बायकाही करतात. हातात सूप घेऊन दारोदार जायचं, पदर पसरायचा. छठी माईच्या नावानं मागणाऱ्या बाईला कुणी नाही म्हणत नाही. म्हणू नये, असा दंडकच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुनेसरीनं सासूचं जुनं सूप शेणानं सारवून वाळवलं आणि निघाली. पण ती सगळ्या गावात फिरली नाही. सातच घरं तिनं धरली. त्या दिवशी खळ्यात असलेल्या सात बायकांची.

पहिलं घर बसमतिया काकीचं. पन्नाशीची विधवा, तेतरीची लहानपणापासूनची मैत्रीण. सूप बघून तिनं हसत ओंजळभर गहू आणले.

"तेतरीच्या सुनेला बुद्धी झाली म्हणायची. घे, माई तुझं भलं करो."

मुनेसरीनं सूप पुढं केलं नाही. "काकी, गहू नंतर घाला. आधी दुसरं मागायचंय."

"काय गं?"

"सासू कुठं पडली, ते चारचौघांत सांगायचं. कचेरीत सांगायची वेळ आली तर तिथंही."

काकीची ओंजळ तशीच राहिली. थोडे दाणे बोटांच्या फटीतून खाली सांडले. मग तिनं आवाज खाली आणला. "हे छठच्या सुपात मागायचं असतं होय? माईच्या नावाखाली गळ्याला फास लावतेस माझ्या?"

"नाही म्हणा. मी दुसऱ्या दारी जाते."

"नाही कसं म्हणू? तेच तर तुला ठाऊक आहे, म्हणून आलीस." काकी आता चिडली होती. "आणि एवढी खऱ्याची चाड होती तर तेव्हा कुठं गेली होती गं? आम्ही परक्या. तू तर सून. तिला बाहेर नेताना पाय कुणी धरले होते?"

"मी धरले होते."

"मग?"

"मग काय. मीच धरले होते. डोकं तुम्ही धरलं होतं." मुनेसरीनं एक हात सुपावरून काढून पुढं केला. "रोज रात्री हात धुते काकी. घासून धुते. तुम्हाला झोप लागते का?"

 काकी ओंजळ सुपात रिकामी करून म्हणाली, "गहू घे. दुसऱ्याचं मला विचार करू दे." आणि आत निघून गेली.

बाकीच्या घरी असंच झालं. कुठं बरं, कुठं वाईट. दोघींनी गहू घातले आणि बहिऱ्या असल्यासारख्या दुसरंच बोलत राहिल्या. एकीच्या नवऱ्यानं शिव्या घातल्या, पण गहू घालूनच. एक रडली. सर्वांत धाकटी सुरजमनी, जिचं लग्न होऊन तेव्हा चारच महिने झाले होते, ती तडकन म्हणाली, "सांगेन. मला तो नळ आठवतो. कुलपाला हात लावला तर चटका बसत होता." फेकनीनं मात्र दार उघडलंच नाही. आतून कडी घातल्याचा आवाज मुनेसरीनं नीट ऐकला. छठच्या मागणाऱ्या बाईला दार बंद केलं, ही गोष्ट संध्याकाळपर्यंत गावभर झाली. आणि दार का बंद केलं, तेही.

त्यामुळं जोगिंदर खरनाच्या, म्हणजे निर्जळी उपासाआधीच्या शेवटच्या जेवणाच्या दिवशी घरी पोचला तेव्हा स्टेशनपासूनच त्याच्या कानावर काहीबाही पडत आलं होतं. तीस तास गाडीच्या दारात उभा राहून आला होता. पाय सुजलेले, डोळे लाल. आल्या आल्या त्यानं पिशवी टाकली.

"काय चालवलंयस तू? मालकाशी वैर घ्यायचं? मी तिकडं बारा-बारा तास मशीनवर उभा राहतो ते याच्यासाठी? माय रस्त्यात पडली, मेली, तिचं नशीब. आता तिला उकरून काढून कुणाला काय मिळणार?"

मुनेसरी अंगणात नव्या मातीच्या चुलीवर गुळाची खीर ढवळत होती. आंब्याच्या लाकडांचा धूर डोळ्यांत जात होता. खरं काय ते त्याला त्याच क्षणी सांगायला हवं होतं. पण खरनाचा स्वयंपाक चालू होता. त्या चुलीजवळ खोटं बोलायचं नसतं, तसं भांडायचंही नसतं. ती एवढंच म्हणाली, "आज बोलायला लावू नका मला."

संध्याकाळी दार लोटून तिनं एकटीनं खीर-पोळी खाल्ली. परवैतीण जेवताना कुणाचा आवाज कानावर आला तर घास तिथंच सोडायचा असतो, म्हणून अख्खी आळी शांत होती. दोन घास होतात न होतात तो बाहेर जोगिंदर खोकला. मुनेसरीनं हात आवरला आणि पाणी पिऊन उठली. पुढचे छत्तीस तास त्या दोन घासांवर आणि त्या तांब्याभर पाण्यावर काढायचे होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला तहान लागली. दिवसभर गूळ-कणकेचे ठेकुए तळत तुपाच्या कढईसमोर बसलेली. जीभ टाळ्याला चिकटली, कानांत गुणगुण सुरू झाली. माठ हाताच्या अंतरावर होता. घोटभर प्यायली असती तर कुणाला कळलंही नसतं. तिनं माठाकडं बघितलं आणि तिला असा संताप आला की झारा हातातून सुटला. ही तहान तिनं स्वतः पत्करलेली होती. तिला वाटलं तर ती उठून पिऊ शकत होती. सासूची तहान दुसऱ्यानं कुलूप लावून ठेवली होती. बावीस वर्षं ज्या बाईनं मनानं पाणी सोडलं, तिला शेवटी घोटासाठी मागणी करावी लागली, ती मान वर न करणाऱ्या माणसाकडं.

संध्याकाळी सगळं गाव घाटाकडं निघालं. रस्ता झाडून, पाणी मारून ठेवला होता. जोगिंदरनं रीतीप्रमाणं टोपली डोक्यावर घेतली. रागात असला तरी टोपलीला त्यानं धक्का लागू दिला नाही. पुढं गर्दी थांबलेली दिसली. कपिलदेवबाबू दंड घालत घाटाकडं चालला होता. उघड्या अंगानं रस्त्यावर पालथा पडायचा, हात पुढं करून मातीत रेघ ओढायचा, उठून रेघेवर यायचा, पुन्हा पालथा. छातीला, कपाळाला धूळ. लोक बाजूला सरून हात जोडत होते. "एवढा मोठा माणूस, पण माईपुढं बघा कसा लोळतो," कुणीतरी म्हणालं. रस्त्यातल्या पिंपळाखालूनही तो तसाच पालथा पडत गेला.

मुनेसरी पाण्यात उतरली. बूढी गंडक नदी कार्तिकात संथ असते, पण पाणी हाडांपर्यंत पोचतं. हातात सूप, सुपात ठेकुए, नारळ, मुळा, हळदीचं रोप. समोर सूर्य लाल होऊन झाडांवर टेकला होता. आजूबाजूच्या शंभर बायका डोळे मिटून काही ना काही मागत होत्या. तिनं डोळे उघडेच ठेवले. जेठात डोकं फोडणारा तो हाच, आणि आता बघा कसा मऊ, बघावासा. तिच्या मनात आलं, 'तिनं तुझं काय केलं नाही? आणि तू एका ढगाआड गेला नाहीस.' मग जोगिंदर मागून सुपासमोर दुधाची धार सोडायला आला आणि तिला हात उंचवावे लागले. अर्घ्य दिलं. तिला रडू आलं नाही की भक्तीही दाटली नाही. पण तिला एक कळलं. सूर्य मान फिरवून बसला नव्हता. नळाला कुलूप त्यानं लावलं नव्हतं. त्याच्याशी भांडायला आयुष्य पडलं होतं. दुसऱ्याशी भांडायला फक्त उद्याची सकाळ होती.

पहाटे पुन्हा घाट. धुकं इतकं की दिवेच दिसत होते, माणसं नव्हती. तास-दीड तास बायका पाण्यात उभ्या होत्या. मुनेसरीच्या पायांना काही कळेनासं झालं होतं. तिच्या डावीकडं चार हातांवर कपिलदेवबाबूची आई रामसखी उभी होती, सत्तरीची, थरथरत. ती पन्नास वर्षांची परवैतीण. मागं बसमतिया काकी. शेवटी धुक्यात एक तांबडा ठिपका दिसला आणि घाटावर हलकल्लोळ झाला. अर्घ्य झालं. बायका एकेक करून पाण्याबाहेर आल्या.

आता गावाची पाळी असते. लहान-थोर सगळे परवैतिणींच्या पाया पडतात, पदर किंवा उपरणं पसरून प्रसाद मागतात. जातपात, मालक-मजूर त्या घटकाभर कुणी बघत नाही. कपिलदेवबाबू तर यंदा एकही परवैतीण चुकवणार नव्हता. मागं दोन माणसं मोबाईल उगारून चित्रण करत होती. आईपासून सुरुवात करून तो मुनेसरीपुढं आला, उपरणं पसरलं आणि तिच्या पायांवर हात ठेवायला वाकला.

तिनं पाय मागं घेतले.

तो वाकलेलाच राहिला. मग हसून वर बघितलं. "काय गं? प्रसाद द्यायचा नाही?"

"प्रसाद देते. माईचा आहे, तो मला नाकारता येत नाही." तिनं ठेकुआ उचलून त्याच्या उपरण्यात टाकला. घसा इतका कोरडा होता की शब्द खरवडून निघत होते. "पायाला मात्र आत्ता हात लावू नका. आधी सांगा, माझी सासू कुठं पडली होती?"

आसपासचे लोक वळले. कपिलदेवबाबू सरळ उभा राहिला, ठेकुआ कपाळाला लावला. "आज तू परवैतीण आहेस. आज मी तुला काही बोलणार नाही. उद्या ये गिरणीत, बसून बोलू."

"उद्या मी तुमच्या खळ्यातली बाई. उद्या तुम्ही खुर्चीत आणि मी उन्हात. आज तुम्ही माझ्यापुढं उपरणं पसरून उभे आहात, तर आजच बोला."

रामसखी मागून कळवळून म्हणाली, "अगं पोरी, ओल्या लुगड्यानं कुणाचं वाईट बोलू नये. व्रत बाटतं."

"वाईट बोलत नाही आजी. झालं ते बोलते." मुनेसरी वळली, आता ती साऱ्या घाटाशी बोलत होती. आवाज चढला नव्हता, पण धुक्यात तो लांबवर जात होता. "माझी सासू रस्त्यात पडली नाही. खळ्यात पडली. नळाला कुलूप होतं. तिनं पाणी मागितलं, तर हे म्हणाले, रांग संपव. पडल्यावर यांनी सांगितलं, फाटकाबाहेर टाका. आम्ही टाकलं. पाय मी धरले होते, या हातांनी. ती जिवंत होती. डॉक्टरकडं न्यायच्याऐवजी आम्ही तिला झाडाखाली नेऊन ठेवलं, आणि पोलिसांना खोटं सांगितलं. मीही सांगितलं. आता माझ्यावर थुंकायचं तर थुंका, पण यांच्या पाया पडणं बंद करा."

 एका मोबाईलवाल्यानं हात खाली घेतला. दुसऱ्याचा वरच राहिला.

"उपासानं हिचं डोकं फिरलंय," कपिलदेवबाबू लोकांना म्हणाला. "दीड वर्षानं आठवलं होय? निवडणूक आली, कुणीतरी शिकवलंय."

"डोकं मी धरलं होतं."

बसमतिया काकी होती ती. अजून गुडघाभर पाण्यातच उभी होती, सूप छातीशी धरून. "तेतरीचं डोकं मी धरलं होतं. मला कुणी शिकवलं नाही. तिसऱ्या रांगेला पडली. तुमच्या खुर्चीपासून वीस पावलांवर."

"नळाला कुलूप होतं," सुरजमनी म्हणाली, आणि घाबरून सासूच्या मागं गेली, पण म्हणाली.

गहू मागायला गेल्यावर रडलेली ती बाई पुन्हा रडली. बाकीच्या बघत राहिल्या. फेकनी पायऱ्यांवर होती. तिनं टोपली उचलली आणि घरचा रस्ता धरला.

कपिलदेवबाबूनं मुनेसरीकडं पाऊल टाकलं. क्षणभर वाटलं, हात उचलतो की काय. पण ओल्या लुगड्यातल्या, नाकापासून भांगापर्यंत शेंदूर भरलेल्या परवैतिणीवर हात उचलणारा माणूस त्या गावात पुन्हा राहू शकला नसता. त्यानं उपरणं झटकलं. ठेकुआ पायरीवर पडून फुटला. त्यावर मात्र घाटावर एक कुजबुज उठली आणि वाढतच गेली. माईचा प्रसाद मातीत पाडला. रामसखी खाली बसली, तुकडे वेचून पदरात घेऊ लागली. मुलाकडं तिनं बघितलं नाही.

मुनेसरीनं आल्याचा तुकडा आणि गूळ तोंडात टाकला, पाणी प्यायली आणि उपास सोडला. मग तिला दिसलं, जोगिंदर टोपली डोक्यावर घेऊन तसाच उभा आहे. 

"मला तू माय रस्त्यात पडली म्हणून सांगितलं होतंस," तो म्हणाला.

"हो."

"पाय तू धरले होतेस."

"हो."

तो पुढं चालू लागला. घरापर्यंत नाही, नंतरचे चार दिवस नाही, एक शब्द बोलला नाही. बालेसरही नाही, म्हातारा आपल्या अंगठ्याकडं बघत खाटेवर पडून राहायचा. पाचव्या दिवशी जोगिंदर लुधियानाला परत गेला. जाताना बायकोला एवढंच म्हणाला, "मी तेव्हा इथं असतो तर तुला मारलं असतं. की त्याला, मला कळत नाही."

पुढं काय झालं, ते काही चांगलं-वाईट असं एका बाजूला पडत नाही. मुनेसरी, बसमतिया आणि सुरजमनी यांना गिरणीच्या फाटकातून आत घेईनात. हिवाळाभर त्या बटाट्याच्या शेतात राबल्या, काही दिवस नुसत्या बसल्या. फेकनीला गिरणीत बायकांवर देखरेखीचं काम मिळालं. पण त्या मोबाईलवाल्याचं चित्रण गावोगाव फिरलं, आणि कपिलदेवबाबू निवडणूक हरला. जिंकलेला काही साधुसंत नव्हता, पण त्याला कपिलदेवबाबूशी जुना हिशेब चुकता करायचा होता, म्हणून त्यानं मुनेसरीकडून अर्ज लिहवून घेतला आणि कचेरीत पुढं सरकवला. फाल्गुनात कामगार खात्याचा माणूस आला, खळं मोजलं, नळ पाहिला. नळाचं कुलूप आदल्या रात्रीच निघालं होतं. तिघींनी पुन्हा तेच सांगितलं, या वेळी कागदावर. मालकाला अटक-बिटक झाली नाही. दंड झाला, असं म्हणतात. मात्र नव्या कागदावर लिहिलं गेलं की तेतरी देवी, वय बावन्न, गिरणीच्या खळ्यात काम करताना उष्माघातानं कोसळली. मुनेसरीला वाचता येत नव्हतं. तिनं कारकुनाला तेवढी ओळ तीनदा वाचायला लावली. तिसऱ्यांदा तो वैतागला, तशी ती म्हणाली, "पावणेदोन वर्षं खोटी ओळ ठेवलीत, तेव्हा नाही वैतागलात."

त्या रात्री जोगिंदरचा फोन आला. तो आठवड्याला एकदा यायचा, बापाची चौकशी करून बंद व्हायचा. आज तो थांबला.

"कागद झाला?"

"झाला."

त्याच्या मागं मशीनचा खडखडाट चालू होता. मग त्यानं विचारलं, "झाडाखाली माय काही बोलली होती?"

हे मुनेसरीनं कुणालाच सांगितलं नव्हतं. घाटावर नाही, कागदावरही नाही.

"बोलली. तिथं ठेवताना म्हणाली, पाय नीट धर गं, तुझ्या हातांत कधी जीवच नव्हता."

 पलीकडं तो हसला की हुंदका होता, तिला कळलं नाही.

"अजून रागात आहात?" तिनं विचारलं.

"आहे."

"मीपण," ती म्हणाली. "यंदाच्या छठच्या सुट्टीचा अर्ज आत्ताच टाकून ठेवा. टोपली उचलायला कुणीतरी लागेल."